हस्ताक्षर ओळखणारं ॲप, बरेच महिने वापरून: आधी ते 'स्मार्ट करेक्शन' बंद करा

काकांच्या वहीत स्वच्छ लिहिलंय, 'सामान रवाना केले'. ॲपने वाचलं, 'सामान खाना केले'. आता र आणि व चिकटले की ख दिसतो हे पहिलीतल्या पोरालाही माहितीये, तेवढं मी सोडून दिलं असतं. पण मागच्या अपडेटनंतर 'स्मार्ट करेक्शन' आपोआप चालू झालंय आणि खरं भांडण त्याच्याशी आहे.

होतं काय, की ॲप आधी शाई बघून अक्षरं ओळखतं आणि मग 'इथे कुठला शब्द जास्त शक्य आहे' असा अंदाज लावून ती बदलतं. करेक्शन बंद असताना सुभाषचं 'सुमाष' व्हायचं, बघताक्षणी कळायचं की चुकलंय. चालू असताना चूकसुद्धा नीटनेटका शब्द घालून येते आणि नजर सरळ पुढे जाते. आडनावांची तर वाट लागते, कारण आडनावं डिक्शनरीत नसतातच, मग त्यांचा जवळचा कुठलातरी सोज्वळ शब्द करून ठेवतं. चुकीचं वाचलं तर वाचू दे ना बाबा, पण मला कळू दे!

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, 'कृपया अक्षरे सुटी व स्पष्ट लिहा.' वही जुनी आहे हो, काकांना आता कुठे सांगू सुटं लिहा म्हणून? शिवाय माणसाने मशीनसाठी अक्षर बदलायचं हा उपाय १९९६ च्या 'पायलट'मध्ये (पाम कंपनीचा हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे पामपायलट म्हणून ओळखला गेला) होऊन गेला, तिथे ग्रॅफिटी नावाची वेगळी लिपीच शिकावी लागायची. तेव्हा ठीक होतं, पण आता वर्षाचं सबस्क्रिप्शन भरून हेच ऐकायचं?

जाहिरातीत ९५ टक्के अचूक म्हणतात. ते अक्षरांचं असेल तर वीस अक्षरांत एक चूक, म्हणजे चार-पाच अक्षरी शब्द धरले तर साधारण दर पाचवा शब्द बिघडलेला. 'अक्षरांचं की शब्दांचं' हे विचारलं, त्यावर आजपर्यंत गप्प.

आता जे कळलं ते सांगतो, कारण इथे माझं मत थोडं बदललंय. आपल्या लिपीत घोळ शिरोरेषेचा आहे. भ आणि म, ध आणि घ यांच्यात मुख्य फरक काय, तर भ आणि ध वर रेघ तुटते. घाईत लिहिणारा माणूस अख्ख्या शब्दावर एकच रेघ ओढतो आणि तो फरकच गायब, मग 'भाऊ आला'चं 'माऊ आला' होतं. त्यातून वही रेघांची असेल आणि अक्षरं त्या छापील रेघेलाच लटकवलेली असतील तर वहीची रेघ कुठली आणि शिरोरेषा कुठली हे ॲपला कळणार कसं. 'रेघा काढून टाका' फिल्टर लावला तर तो शिरोरेषाही खातो. काळी शाई आणि निळ्या रेघा असतील तर रंगावरून वेगळं करता येतं, निळ्यावर निळं असेल तर विसरा.

त्यामुळे मोबाईलचा 'डॉक्युमेंट' मोड, जो सगळं काळंपांढरं करतो, तो वापरू नका, अनुस्वार आणि बारीक मात्रा त्यातच जातात. रंगीत ठेवा, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, पान सपाट असू दे. एवढं केल्यावर तेच ॲप बऱ्यापैकी शहाण्यासारखं वागायला लागलं हे मान्य करावं लागेल. टॅबवर पेनने लिहिलं तर अजून बरं येतं, कारण तिथे त्याला नुसती शाई नाही, हात कुठून कुठे गेला तेही दिसतं. पण जुन्या वह्यांना त्याचा काय उपयोग.

आकड्यांवर मात्र अजिबात विसंबू नका. इंग्रजी आठ दिसला की मराठी ४ करतं, आणि काकांनी एकाच पानावर दोन्ही आकडे वापरलेत. शब्दाला आजूबाजूच्या वाक्याचा थोडा तरी आधार असतो, रकमेला कसला? रकमा हातानेच टाईप करतोय.

हे अर्धं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात 'तुमचं अक्षर शिकवा' हे फीचर सापडलं, सेटिंगच्या पार तळाशी. आपण दुरुस्त केलेली पानं त्याला द्यायची. दिली, आणि खरंच सांगतो, 'माऊ' जवळजवळ बंद झाला! हे पहिल्या स्क्रीनवर ठेवायचं सोडून तळाशी का पुरलंय देव जाणे.

तरी तीनच स्टार, कारण तेच पान पुन्हा वाचायला दिलं की महिन्याच्या कोट्यातून परत कापतात. चुकलं त्यांचं, कोटा माझा. तक्रार केली तर तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, 'सोडवले' म्हणून बंद केलं. मी ते परत उघडलंय, आणि वह्या संपेपर्यंतच वापरणार आहे, ऑटो रिन्यूअल आजच काढून टाकलंय.