सोलापुरी चादर: बाळाच्या खेळाची बैठक म्हणून कशी आहे?

सोलापुरातल्या बहुतेक घरांत आहेरात आलेली एखादी चादर कपाटात घडी घालून ठेवलेली असते. तरी बाळ झालं की दुकानातून रंगीत फोमची मॅट येते. पहिल्या सहा-सात महिन्यांसाठी त्या मॅटची गरज नाही, चादर तिच्याहून सरस आहे. पुढे मात्र ती काही कामांत कमी पडते.

आधी माल ओळखा. चांगली चादर सुती असते, जकार्डवर म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, दोन्ही बाजूंना नक्षी आणि रंग उलटसुलट. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच नावाने मिश्र धाग्याचा मालही विकला जातो. काठाचा एक धागा काढून जाळून पाहावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. मिश्र धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. अशी चादर घाम नीट टिपत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बाळाच्या पोटावर घामोळं उठायला तेवढं पुरतं.

नवी चादर दोनदा धुऊन खळ काढावी, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने गडद भाग घासून पाहावा. रंग उतरला तर पुन्हा धुवावी, कारण तोंडाशी येईल ते बाळ चोखणारच. दशा दुमडून शिवून टाकाव्यात. सुटा धागा बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला गुंडाळला गेला तर रक्त अडतं. बाळ अचानक खूप रडू लागलं की मोजे काढून बोटं आधी बघावीत.

चादरीचा खरा उपयोग पालथं ठेवण्यासाठी. फरशीवर चौघडी घालावी, गादीवर नाही. मऊ गादीत हात रुततो आणि बाळाला जोर लावायला आधार मिळत नाही. फरशीवरच्या चौघडीवर कोपर टेकवून मान उचलता येते. मान, खांदे आणि पाठ इथेच तयार होतात, पुढचं वळणं, बसणं, रांगणं त्यावर उभं असतं. सुरुवात एक-दोन मिनिटांनी करावी, दिवसातून तीन-चार वेळा, झोपून उठल्यावर किंवा लंगोट बदलल्यावर. दूध पाजल्या पाजल्या नको, ओकारी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार स्वतःहून न हलणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. बाळ लगेच रडतं म्हणून अनेक घरांत हे सोडून दिलं जातं. तसं करू नये. सोलापुरी टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी करून छातीखाली, काखेच्या रेषेत ठेवावी आणि दोन्ही हात पुढे काढावेत. गुंडाळी पोटाखाली सरकली तर डोकं खाली झुकतं आणि बाळ आणखी रडतं.

नक्षीचा इथे फायदा होतो. लहान बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं आणि ठळक रंगभेद चटकन पकडता येतो. म्हणून गडद-फिकट पट्ट्यांचा काठ डोळ्यांसमोर येईल असं बाळाला ठेवावं. फिकट एकरंगी चादर या कामाला घेऊ नये. चौथ्या-पाचव्या महिन्यात खुळखुळा समोर न ठेवता बाजूला, हात जेमतेम पोचेल इतक्यावर ठेवला की बाळ त्याच्याकडे वळता वळता कुशीवर येतं.

आठव्या महिन्याच्या सुमाराला नजरेआड गेलेली वस्तू तिथेच आहे हे बाळाला उमगू लागतं, तेव्हा लपवाछपवी सुरू करावी. आधी वाटी अर्धी झाकायची, जमलं की पूर्ण. चादर जाड असल्याने वाटीचा उंचवटा दिसतो आणि बाळ त्यावरूनच शोधतं. सुरुवातीला ते चांगलंच, पण नंतर पातळ फडकं लागतं. दुसऱ्या टोकावर खेळणं ठेवून कापड ओढायला लावण्याच्या खेळातही चादर फारच जड पडते, तिथे टॉवेल घ्यावा.

रांगायला लागल्यावर चादर उचलून ठेवावी. ती गुडघ्याखाली गोळा होते आणि गुळगुळीत टाइल्सवर घसरते. उघडे गुडघे आणि अनवाणी पाय शहाबादी फरशीवर जास्त चांगली पकड घेतात. मग ती पुन्हा बाहेर येते दीड-दोन वर्षांनी, दोन खुर्च्यांवर टाकून बोगदा किंवा घर म्हणून. मुलाला बसवून चादर ओढायची असेल तर ते पक्कं बसणारं हवं आणि ओढणं सावकाश हवं. हिसका बसला की मूल मागे डोक्यावर पडतं.

एक नियम कुठल्याही वयात मोडू नये: खेळता खेळता बाळ झोपलं की उचलून सपाट, घट्ट बिछान्यावर उताणं ठेवायचं, आणि वर ही जड चादर पांघरायची नाही. तोंडावर आली तर लहान बाळाला ती सारता येत नाही.

मोठी अडचण धुण्याची. चादर पाणी भरपूर पिते आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणीही नसतं. म्हणून पालटून वापरायला दोन चादरी आणि दोन टॉवेल हाताशी ठेवावेत, आणि चौघडीच्या वरच्या थरावर जुन्या धोतराचा तुकडा अंथरावा. ओकारी झाली तर तेवढाच धुवावा लागतो.