वाय खुर्ची: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

डेन्मार्कमध्ये ही खुर्ची टाळून राहणं अवघड आहे. दातांच्या डॉक्टरकडे ती, बँकेत ती, घरं विकणाऱ्या एजंटांच्या जाहिरातीतही तीच. पाठीला इंग्रजी वायच्या आकाराची पट्टी, वर अर्धगोल वळलेला दांडा, खाली कागदी दोरीने विणलेली बैठक. कारखान्यातलं तिचं नाव सीएच २४, जगभर ती विशबोन चेअर म्हणून विकली जाते आणि इथे सगळे तिला वाय खुर्ची म्हणतात. इतकी दिसते की मला तिचा कंटाळाच आला होता. तरी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही जेवणाच्या टेबलासाठी चार घेतल्या. ओक लाकडाच्या, सेकंडहँड. मराठीत या फर्निचरबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक साधेपणा, सौंदर्य, निसर्गाशी नातं याच चालीवरचं असतं. हळद सांडली तर काय करायचं, मांडी घालून बसता येतं का, हे कोणीच लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

तर आधी मांडीचं. येतं. बैठक पुढे रुंद आहे आणि हात निम्म्यावरच संपतात, त्यामुळे गुडघ्यांना बाहेर जायला जागा मिळते. मात्र दोरीखालची पुढची लाकडी पट्टी थोड्या वेळाने घोट्याला टोचायला लागते, मग माणूस आपोआप एक पाय खाली सोडतो. माझी नेहमीची बैठक हीच झाली आहे: एक पाय वर, एक खाली. नवरा उंच आहे, तो तिरका बसतो, एक कोपर मागच्या दांड्यावर टाकून. आमच्याकडे जेवण वीस मिनिटांत संपतं आणि गप्पा दीड तास चालतात. त्या दीड तासात प्रत्येक जण चार-पाच वेळा तरी बसायची पद्धत बदलतो आणि खुर्ची कुठेच आडवी येत नाही. पाठीचा दांडा आणि हात एकच सलग लाकूड असल्यामुळे पाठ कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो हे शरीराला कळतच नाही. हात आखूड असल्याने खुर्ची टेबलाच्या खूप जवळ ओढता येते. वरणभात खाणाऱ्यांसाठी ही बाब छोटी नाही.

काम करायला मात्र ही खुर्ची नको. पाठीचा आधार कमरेच्या थोडा वर, एका पट्ट्यापुरता मिळतो. लॅपटॉप घेऊन सकाळभर बसलं की खांदे बोंबलतात. आणि उन्हाळ्यात हाफ पँट घालून बसलात तर मांडीच्या मागे दोरीची नक्षी उमटते. मुलांना याची फार मौज वाटते.

आता ती बनते कशी ते थोडं, कारण ते कळल्यावर माझा कंटाळा कमी झाला. तिचा डिझायनर हान्स वेग्नर १९१४ साली जर्मन सीमेजवळच्या टॉन्डर गावात मोच्याच्या घरी जन्मला. आर्किटेक्चर, डिझाइन वगैरे पुढे. आधी तो पोरवयातच सुताराच्या हाताखाली शिकला. मिंग काळातल्या चिनी खुर्च्यांवरून त्याने १९४४ मध्ये फ्रिट्झ हान्सन कंपनीसाठी एक खुर्ची केली आणि तीच कल्पना सोलत सोलत १९४९ मध्ये वाय खुर्चीपर्यंत आणली. कार्ल हान्सन अँड सन ही फ्युन बेटावरची कंपनी १९५० पासून ती बनवते आहे, आजतागायत, खंड न पडता. एकूण सुटे भाग चौदा. वरचा दांडा वाफेवर वाकवलेला असतो. मागचे पाय मात्र वाकवलेले दिसतात, असतात सरळ फळीतून कापलेले. बाजूने पाहिलं तर पाय पुढे झुकतो, मागून पाहिलं तर आत वळतो आणि डोळा फसतो. मी भांडी घासताना कितीदा तरी त्या पायाकडे बघत बसले आहे. वायची पट्टी पातळ पापुद्रे साच्यात दाबून केलेली असते. जपानमध्ये तर या खुर्चीचं इतकं प्रस्थ आहे की तिथल्या कोर्टाने २०११ मध्ये तिच्या आकारालाच ट्रेडमार्क म्हणून मान्यता दिली.

पण माझ्या मते या खुर्चीचं मर्म लाकडात नाही, दोरीत आहे. एका बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि सरावलेला कारागीर ती तासाभरात विणतो. कागदाची दोरी म्हटल्यावर माझ्याही डोळ्यासमोर किराण्याच्या पुडीचा दोरा आला होता. ही तशी नव्हे. कागद पिळून केलेले पदर पुन्हा एकत्र पिळलेले असतात. मूळचा हा युद्धकाळातला तोडगा. तोवर बैठका विणायला समुद्री गवताची दोरी वापरत, ती दुसऱ्या महायुद्धात मिळेनाशी झाली, तेव्हा कागद आला. गवत पुन्हा मिळू लागलं तरी कागद गेला नाही.

आमच्या चारपैकी एका खुर्चीची बैठक पुढच्या कोपऱ्यात तुटायला आली होती. विकणाऱ्याने जाहिरातीत ‘नव्यासारखी’ लिहिलं होतं, असो. ती पुन्हा विणायला दिली. विणणाऱ्या बाईंनी जुनी दोरी कापून काढली, सांगाड्याचे सांधे हलवून पाहिले, एक सैल निघाला तो डिंक लावून आवळला आणि वरून नवी दोरी घातली. खर्च आला, पण नव्या खुर्चीच्या किमतीपुढे तो काहीच नव्हता. माझ्या आजोळी बाजेची सुतळी सैल झाली की आजोबा ती उसवून नव्याने भरत, तसाच हा प्रकार. बाजेचं लाकूड कधी बदललेलं मला आठवत नाही. वेग्नरच्या खुर्चीचंही तेच गणित आहे: जे टिकायचं ते नीट टिकाऊ केलं आणि जे झिजणार ते स्वस्त आणि बदलता येईल असं ठेवलं. फोम आणि रेक्झिनच्या खुर्च्यांमध्ये नेमकं हेच नसतं. त्यांची गादी फाटली की सगळी खुर्चीच भंगारात.

नवी बैठक पहिले काही आठवडे करकरते. कोणी बसलं की दोरी दोरीवर घासून आवाज करते, मग हळूहळू बसते आणि गप्प होते. रंगही सुरुवातीला फिकट, पांढुरका असतो, जुन्या तिघींचा मधासारखा. पाहुणे विचारतात, ही वेगळी का? मला तो फरक आवडतो.

हळद. आमच्याकडे दुसऱ्याच महिन्यात आमटी सांडली, अर्थातच फिकट बैठकीवर. दोरीवर भसाभस पाणी ओतून घासायचं नाही, कागद फुगतो. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं, बस. तेल बरंचसं निघालं, पिवळा डाग राहिला. पण हळदीचा रंग उन्हात उडतो हे आपल्याकडे कपडे वाळत घालणाऱ्या कोणालाही माहीत आहे. प्रश्न एवढाच की ती नोव्हेंबरची अखेर होती आणि कोपनहेगनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन ही अफवा असते. डाग सगळा हिवाळा तसाच राहिला. एप्रिलमध्ये खुर्ची खिडकीशी ठेवली आणि काही दिवसांत तो शोधावा लागेल इतका फिका झाला.

लाकडाची निगा साबणाने. हे मला आधी पटतच नव्हतं. लाकूड आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही असंच आपण शिकलेलो. इथे ओक आणि बीच या झाडांच्या लाकडाच्या फर्निचरला पॉलिश न मारता साबण देण्याची जुनी रीत आहे. शुद्ध साबणाचा कीस कोमट पाण्यात विरघळवायचा, स्पंजने लाकडाला लावायचा, जास्तीचा पुसून घ्यायचा, वाळू द्यायचं. पहिल्या वेळी लाकडाचे तंतू उभे राहतात आणि हाताला खरखरीत लागतं. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने हलकेच फिरवला की झालं. दर वेळी साबण लाकडात थोडा मुरतो आणि पृष्ठभाग रेशमासारखा मऊ होत जातो. रंग पिवळा पडत नाही, फिकट राहतो. एक काळजी मात्र घ्या: ओकवर ओलं लोखंड ठेवू नका. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा आणि लोखंडाचा संयोग होऊन काळा डाग पडतो, तो साबणाने जात नाही. आमच्या ओकच्या टेबलावर बिडाच्या तव्याचं वर्तुळ आहे. ते कायमचं.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. त्यांनी खुर्चीवर टकटक करून पहिला प्रश्न विचारला, “साग आहे का गं?” नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला. “मग एवढे पैसे कशाचे?” त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण डॅनिश फर्निचरचा जो काळ सोन्याचा म्हणतात, त्यात १९५० आणि ६० च्या दशकांत इथे खरंच सागाची लाट होती. थायलंड, ब्रह्मदेशातला साग जहाजांनी यायचा आणि त्याची टेबलं, साइडबोर्ड म्हणजे लांब, बुटकी कपाटं, अमेरिकेपर्यंत जायची. जुन्या बाजारात आजही असे साइडबोर्ड भरपूर दिसतात, सरकत्या दारांचे, आत निळसर कापड लावलेले खण. सासूबाईंना एक दाखवला. खण ओढून पाहिला, सांधा पाहिला, मागची बाजू पाहिली. “हे सुतारकाम आहे,” म्हणाल्या. वाय खुर्चीबद्दल असं काही त्या शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत, बसल्या मात्र रोज तिच्यावरच.

जुना साइडबोर्ड घेऊन भारतात न्यायचा विचार असेल तर एक सावधगिरी. गडद, काळ्या रेषांचं लाकूड दिसलं तर ते ब्राझीलचं रोझवूड असू शकतं. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा १९९२ पासून समावेश आहे, म्हणजे कागदपत्रांशिवाय ते देशाबाहेर काढणं बेकायदा. सागाला तो जाच नाही.

आता किमतीबद्दल. नवी वाय खुर्ची महाग आहे, आणि कंपनीच्या ‘शंभराहून अधिक टप्प्यांत हाताने’ या वाक्याने ती सामान्य माणसाची होत नाही. वेग्नरचा जिवलग मित्र बर्गे मोगेन्सन याची वाट वेगळी होती. १९४२ मध्ये डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संघाने, एफडीबीने, आपला फर्निचर विभाग काढला आणि मोगेन्सनला त्याचा प्रमुख केलं. कामगाराच्या छोट्या घरात मावेल, परवडेल असं फर्निचर, एवढाच उद्देश. त्यातून १९४७ मध्ये जे ३९ आली: चार गोल पाय, पाठीला एक रुंद वळलेली फळी, तीच कागदी दोरी. डॅनिश लोक तिला लोकांची खुर्ची म्हणतात. दोघांच्या मैत्रीबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. मोगेन्सनच्या मुलासाठी युद्धाच्या काळात दुकानात बरं काही मिळेना, तेव्हा वेग्नरने बारशाची भेट म्हणून स्वतः एक छोटी खुर्ची केली, खिळे-स्क्रूशिवाय जोडता-सोडता येणारी. ती आजही पीटरची खुर्ची म्हणून बनते.

शेजाऱ्यांकडे जे ३९ आहेत, तिथे बरेचदा जेवलो आहोत. हात नसल्यामुळे त्या टेबलाखाली पूर्ण सरकतात, एका बाजूला तीन मावतात, पोरं ढकलतात, पाडतात, काही होत नाही. मांडी घालायला उलट अधिक सोप्या. जेवणानंतर रेंगाळायला मात्र वाय खुर्चीच बरी, कोपराला टेकू मिळतो.

नकलांविषयी बरेच जण विचारतात. युरोपात हे डिझाइन कॉपीराइटखाली आहे, वेग्नर २००७ मध्ये गेला, म्हणजे त्यापुढे सत्तर वर्षं. भारतात नकला उघड मिळतात, पुण्याला एका दुकानात मी बसूनही पाहिलं. मागचे पाय जाडजूड, दोरी ढिली, आणि वरचा दांडा एकसंध न वळवता तुकडे जोडून केलेला. हात फिरवला की जोड बोटाला लागतो. तिथे तेवढ्या पैशांत एखाद्या चांगल्या सुताराकडून स्वतःला हवी तशी साधी खुर्ची करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

इथे राहणाऱ्यांनी घ्यायची झाली तर जुनीच घ्या. बैठक तुटकी असली तर घाबरू नका, उलट त्यावर किंमत पाडून मागा. सांधे तेवढे बघा: पाठीचा दांडा धरून खुर्ची तिरकी हलवायची, कुरकुर ऐकू आली तर खाली वाकून कुठला जोड हलतो ते पाहायचं. जुन्या खुर्च्या नव्यांहून दोनेक सेंटीमीटर बुटक्या असतात, त्यामुळे आपल्या टेबलाची उंची मोजूनच जा. चार एकदम मिळाल्या तर भाव चांगला पडतो. आणि घरात मांजर असेल तर वाय काय, जे ३९ काय, दोन्हींचा नाद सोडा. तिला १२० मीटर दोरी पुरते.