दहाव्या खंडात अडकलेल्यांसाठी: ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ कसं वाचावं

रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका मध्येच सोडून दिलेले वाचक पुष्कळ आहेत. कुठे थांबलात असं विचारलं, तर उत्तर बरेचदा आठ ते दहा या खंडांमध्येच सापडतं. त्यातही २००३ मध्ये आलेला दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, सगळ्यात बदनाम. आमचं मत आधीच सांगून टाकतो. स्वतंत्र कादंबरी म्हणून हे पुस्तक फसलं आहे. पण ते वगळून अकराव्या खंडावर उडी मारली, तर अकराव्याची निम्मी मजा हातची जाते. पुस्तक संथ का आहे हे नीट कळलं, तर ते महिन्याभरात, फारसं न कंटाळता वाचून होतं. (नवव्या खंडाचा शेवट पुढे उघड केला आहे. तो वाचला नसेल तर इथेच थांबा.)

लोक म्हणतात, या पुस्तकात काही घडत नाही. हे निदान अर्धवट आहे. खरी अडचण काळाची आहे. नववा खंड, ‘विंटर्स हार्ट’, संपतो तो मालिकेतल्या सगळ्यात मोठ्या घटनांपैकी एका घटनेवर: शादार लोगोथ या शापित शहरापाशी मालिकेचा नायक रँड आणि त्याची सहकारी नायनीव सैदिनवरचा, म्हणजे पुरुषांच्या जादूच्या स्रोतावरचा, डाग धुऊन काढतात. वाचकाला साहजिकच वाटतं, आता याचे परिणाम बघायला मिळणार. दहावा खंड मात्र मागे जातो. मॅट, पेरिन, एलेन आणि एग्वेन या चौघांच्या कथा लेखक त्या दिवसाच्या थोड्या आधीपासून सुरू करतो आणि एकेक करून त्या दिवसापाशी आणून सोडतो. जे घडून गेलंय हे आपल्याला माहीत आहे, त्याची क्षितिजावरची झळ तेवढी पात्रांना जाणवते आणि ती गोंधळतात. वाचक त्यांच्या पुढे असतो आणि पुस्तक वाचकाच्या मागे. वैताग येतो तो इथून. शिवाय रँड स्वतः अख्ख्या पुस्तकात चोविसाव्या प्रकरणात आणि एपिलॉगमध्येच काय तो भेटतो.

हे माहीत असलं की वाचण्याची पद्धत बदलता येते. पुढे काय होणार, हा प्रश्न या पुस्तकाला विचारूच नका. ती झळ लागली तेव्हा प्रत्येक जण कुठे होता, काय करत होता, आणि तिचा त्याने काय अर्थ लावला, हे विचारा. चार चिकटपट्ट्या घ्या, ई-पुस्तक असेल तर चार खुणा, आणि मॅटच्या सर्कशीत, पेरिनच्या छावणीत, एलेनच्या केमलिन शहरात आणि एग्वेनच्या तळावर जिथे जिथे त्या प्रचंड शक्तीची चाहूल लागते तिथे खूण करा. चौथी खूण झाली की पुस्तकाचा सांगाडा डोळ्यांसमोर उभा राहतो. एकच घटना चार ठिकाणांहून चार वेगळ्या भीतींनी पाहिली जाते आहे हे दिसू लागतं, आणि लेखकाला काय साधायचं होतं ते पटतं, भले ते पुरतं साधलं नसेल.

सुरुवात करण्याआधी तासभर तयारीला द्या. नववा आणि दहावा यांमध्ये काही महिने गेले असतील, तर ‘विंटर्स हार्ट’मधली दोनच प्रकरणं पुन्हा वाचा: एकतिसावं, जिथे मॅटला टुऑन ही मुलगी खरी कोण आहे हे कळतं, आणि पस्तिसावं, म्हणजे शेवटचं. मग चार कागद घ्या, प्रत्येक पात्रासाठी एक, आणि प्रत्येकावर तीनच ओळी लिहा: तो किंवा ती कुठे आहे, काय हवं आहे, कोण आडवं येतं आहे. पेरिनचा कागद असा होईल: बायको शायडो या शत्रू टोळीच्या कैदेत, तिला सोडवायचं आहे, धान्य आणि माणसं अपुरी. इतकंच. हे कागद पुस्तकात ठेवा आणि त्या पात्राकडे परत येताना एकदा नजर टाका. आठवं पुस्तक मॅटशिवायच आहे, त्यामुळे त्याचा धागा अनेकांच्या डोक्यात सगळ्यात पुसट असतो. त्याचा कागद आधी करा.

नावांचं ओझं हा दुसरा मोठा अडथळा. या खंडात आयझ सेडाय, म्हणजे जादू वापरणाऱ्या स्त्रिया, शेकड्यांनी असल्यासारख्या वाटतात. प्रत्येकीचं नाव, शालीचा रंग, चेहरा आणि पोशाख येतो, आणि वीस पानांनी ती पुन्हा भेटते तेव्हा ओळख पटत नाही. सगळी नावं लक्षात ठेवण्याचा हट्ट सोडा. अजा, म्हणजे त्यांच्या गटाचा रंग, तेवढा ध्यानात ठेवा. निळी, लाल, पिवळी कसं वागतील याचा अंदाज रंगावरून येतो आणि दृश्याचा अर्थ लागायला तेवढा पुरतो. एग्वेनच्या तळावर सिआन, शेरियाम, रोमांडा आणि लेलेन ही चार नावं पक्की असली की भागतं. टॉवरच्या, म्हणजे आयझ सेडायांच्या मुख्यालयाच्या, आत काळ्या अजाचा (छुप्या फितुरांच्या गटाचा) माग काढणाऱ्या बायकांना पाच जणींचा एक गट समजून वाचा. त्यातली कोण काय म्हणाली हे विसरलात तरी बिघडत नाही. अडलंच तर पुस्तकाच्या मागची शब्दसूची उघडा. उच्चारही तिथेच आहेत आणि ती पुढच्या खंडांचं रहस्य फोडत नाही.

इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या विश्वकोशांचं तसं नाही. तिथे पात्राच्या पानावर पहिल्या परिच्छेदातच त्याचं अखेर काय झालं ते लिहिलेलं असतं. नाव टाइप करताना खाली येणाऱ्या सूचनासुद्धा घात करतात. २०१५ मध्ये निघालेला ‘द व्हील ऑफ टाइम कम्पॅनियन’ हा जाडजूड कोश सुंदर आहे, पण तो संपूर्ण मालिका वाचलेल्यांसाठी आहे. चौदावा खंड मिटेपर्यंत त्याला हात लावू नका. आपण कितव्या खंडावर आहोत हे निवडून तेवढीच माहिती दाखवणारी अ‍ॅप मिळतात, ती चालतील.

आता वेळेचा हिशेब. पुस्तक साधारण पावणेतीन लाख शब्दांचं आहे. मिनिटाला २०० शब्द, म्हणजे आरामशीर गतीने, वाचलं तर तेवीस तासांच्या आसपास लागतात. रोज पाऊण तास दिला की महिना. ऑडिओबुक सुमारे २६ तासांचं आहे, सव्वापट वेगाने ऐकलं तर एकवीसच्या आसपास. रोज ठरावीक पानं असं लक्ष्य इथे कामाचं नाही, कारण पानं भरतात पण धागा पुढे सरकत नाही आणि मग हताश वाटतं. त्याऐवजी एका पात्राचा सलग गट हे लक्ष्य धरा. पुस्तकाची रचना त्याला अनुकूल आहे: सुरुवातीची चार प्रकरणं मॅट आणि त्याच्या मागावर असलेल्यांची, पाच ते नऊ पेरिन आणि त्याच्या बायकोची, दहा ते पंधरा एलेनची, तिथून पुढे एग्वेनचा तळ आणि टॉवर, चोविसाव्यात रँड, मग पुन्हा पेरिन, पुन्हा मॅट आणि शेवटी तिसाव्यात एग्वेन. एक गट संपला की एक दिवस सुट्टी घ्या. गटाच्या मध्येच पुस्तक ठेवलं तर ते पुन्हा उचलणं जड जातं.

प्रोलॉग हा वेगळाच डोंगर. तो इतका मोठा आहे की कादंबरीच्या आधी, २००२ मध्ये, ‘ग्लिमर्स’ नावाने ई-पुस्तक म्हणून स्वतंत्र विकला गेला होता. त्यात मुख्य पात्रांपैकी कोणी नाही. इतुराल्डे, गावेन, बाशेर अशा कडेच्या माणसांचे तुकडे आहेत. पुष्कळ जण इथेच दमतात. एका बैठकीत दोन तुकडे, त्याहून जास्त नाही. इतुराल्डेचा पहिला तुकडा मात्र लक्ष देऊन वाचा. या सेनापतीला पुढे मोठं काम आहे.

सगळ्यात चिवट भाग एलेनचा. सिंहासनासाठी सरदारांची जुळवाजुळव, समुद्री लोकांशी सौदे, गरोदरपण, स्नानगृह, चहा. दहावं प्रकरण पूर्ण वाचा, कारण ती झळ तिथे सगळ्यात थेट येते. अकरा ते तेरा ही प्रकरणं वेगाने उरकली तरी चालतील. जॉर्डन यांच्या लिखाणाची एक सवय इथे उपयोगी पडते: कोणी खोलीत आलं की पुढची काही वाक्यं पोशाखाची असतात. ती डोळ्यांखालून घालवा आणि संवाद सुरू झाला की थांबा. चौदाव्यापासून पुन्हा गती कमी करा. परिच्छेदच्या परिच्छेद गाळू नका, कारण त्या पोशाखांच्या मधोमध एखादी धमकी किंवा कबुली दडलेली असते.

या खंडात खरोखर उत्तम असं काय आहे, याबद्दल फार कमी बोललं जातं. सव्विसावं प्रकरण, सो हाबोर, हे मालिकेतल्या सर्वांत अंगावर येणाऱ्या प्रकरणांपैकी एक आहे. पेरिनची माणसं धान्य विकत घ्यायला एका गावात जातात. धान्यात किडे, माणसांच्या अंगावर महिन्यांचा मळ, आणि रात्री काय फिरतं ते कोणी बोलत नाही. राक्षस नाही, लढाई नाही. धान्य पाखडण्याच्या कामातूनच लेखकाने जग सडत चाललंय हे दाखवलं आहे. लगेच पुढचं सत्ताविसावं प्रकरण पेरिन कुठवर जाऊ शकतो ते दाखवतं आणि त्याच्या आधीच्या सगळ्या घुम्या प्रकरणांना अर्थ देतं. म्हणूनच पेरिनचा भाग गाळण्याचा सल्ला आम्हाला मान्य नाही. त्याची घालमेल आठव्या खंडाच्या शेवटापासून चालू आहे हे खरं, पण सत्ताविसावं समजायला ती घालमेल अंगावर घ्यावीच लागते. मॅट आणि टुऑन यांची सर्कशीतली नोकझोक हा पुस्तकातला सगळ्यात हलका, खेळकर भाग. तो दोन टोकांना वाटलेला आहे, त्यामुळे मधल्या कोरड्या पट्ट्यात शिरताना पुढे अठ्ठावीस आणि एकोणतीस आहेत याचा आधार वाटतो. आणि तिसाव्या प्रकरणाचा शेवट इतका अवचित आहे की पुस्तक मिटताच अकरावा खंड शोधावासा वाटतो.

काही वाचक एका पात्राची दोन्ही टोकं जोडून वाचतात, म्हणजे पाच ते नऊनंतर थेट पंचवीस ते सत्तावीस. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ (२००५) आणि ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ (२०११) यांची प्रकरणं मिसळून वाचायची चाल आहे, त्याच धर्तीवर. तिथे ते जमतं, कारण अर्धी पात्रं एका पुस्तकात आणि अर्धी दुसऱ्यात गेली होती, आणि दोन्हींचा काळ बराचसा एकच आहे. इथे पहिल्या वाचनात तसं करू नका. पेरिनच्या दोन भागांमधलं लांब अंतर त्याच्या ताटकळण्याचाच भाग आहे, आणि सो हाबोरचा काळोख एलेन-एग्वेनच्या दिव्याखालच्या वाटाघाटींनंतरच जास्त गडद होतो. दुसऱ्या वाचनात खुशाल करा.

कोणत्या रूपात घ्यावं? एरवी छापील प्रतीला आमची पसंती असते, पण हा खंड ई-पुस्तकात जास्त सुसह्य होतो. नावावर बोट ठेवून शोध घेतला की ती व्यक्ती याआधी कुठे आली होती ते लगेच सापडतं, आणि या खंडात ती गरज पानोपानी पडते. नकाशा मात्र छोट्या पडद्यावर वाचता येत नाही. त्याचा मोठा फोटो वेगळा ठेवा. छोट्या आकाराच्या पेपरबॅकमध्ये अक्षर बारीक, जाडी भरपूर आणि कणा लवकर मोडतो. ऑडिओ मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या दोघांनी वाचला आहे, पुरुष पात्राच्या नजरेतला भाग तो आणि स्त्री पात्राच्या नजरेतला ती. एलेन आणि एग्वेनच्या लांबलचक चर्चा केट रीडिंगच्या आवाजात चालता-फिरता ऐकल्या तर कागदावर वाटतात त्याहून बऱ्याच जिवंत होतात. प्रोलॉग मात्र कानाने ऐकू नका. न पाहिलेली नावं भराभर येतात आणि हरवतात. प्रोलॉग, सव्वीस आणि सत्तावीस डोळ्यांनी, मधली राजकारणाची प्रकरणं कानांनी, ही विभागणी या खंडाला सगळ्यात मानवते.

झोपण्यापूर्वी हे पुस्तक हातात घेऊ नका. त्या वेळेला लढाईची प्रकरणं जागं ठेवतात, चहाच्या वाटाघाटी नाही. मग रोज त्याच चार पानांवर डोळा लागतो आणि दोष पुस्तकाला जातो. जोडीला दुसरं काही वाचायचं असेल तर पातळ आणि वेगवान घ्या, रहस्यकथा किंवा कथासंग्रह. दुसरी जाडजूड फँटसी मालिका याच काळात उघडली तर ही हमखास मागे पडते.

दहावा संपल्यावर एक छोटी विश्रांती घेण्यासारखी आहे. २००४ मध्ये आलेली ‘न्यू स्प्रिंग’ ही पूर्वकथा प्रकाशनाच्या क्रमाने नेमकी इथेच बसते. मॉइरेन आणि लॅन यांची भेट, तरुण सिआन, टॉवरमधल्या परीक्षा. मुख्य खंडांच्या तुलनेत ती बरीच लहान आहे, आणि दहाव्यात ज्या आयझ सेडायांच्या गर्दीने जीव नकोसा केला, त्यांचं जग आतून दाखवते. त्यानंतर ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’ (२००५) घ्या. त्याच्या प्रोलॉगची सुरुवातच एका द्वंद्वाने होते, आणि मॅट, पेरिन आणि एलेन यांचे दहाव्यात रेंगाळलेले तिन्ही धागे त्या एकाच खंडात निकाली निघतात. तयार केलेले चार कागद तोवर टाकू नका. अकराव्याच्या पहिल्या शंभर पानांत ते पुन्हा लागतील.