जुनी गाडी विकताना: ओळखीचा एजंट की अधिकृत डीलर?

दोन्ही करून झालंय. 2019 मध्ये वॅगनआर ओळखीच्या एजंटला दिली, गेल्या वर्षी आय-टेन अधिकृत डीलरला.

भाव एजंटच जास्त देतो, हे आधीच कबूल करतो. आय-टेनचे त्याने डीलरपेक्षा 15 हजार जास्त सांगितले होते. शिवाय तो घरी येतो, चहा घेतो, रोख मोजून देतो. आपण फक्त गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करायच्या. "पार्टी मिळाली की नाव भरतो, काका."

वॅगनआरला पार्टी मिळाली. नाव काही भरलं गेलं नाही. सात महिन्यांनी माझ्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचं ई-चलान आलं. फोटो उघडला, तर मागच्या काचेवर लेकीने चिकटवलेला डोरेमॉन तसाच. चौथं चलान आलं तरी एजंटचं एकच, "कागद आरटीओत दिलेत." दंडाचं एवढं नाही हो. पण वकील मित्राने 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकाल सांगितला: गाडी कितीही हातांतून फिरलेली असो, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. त्यानंतर अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा यायचा.

डीलरकडे वेळ गेला. तपासणीत बंपरवरचा ओरखडाही सुटला नाही, आणि त्याचे पैसे कापले. पण 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांप्रमाणे गाडी ताब्यात देताना फॉर्म 29सी, म्हणजे गाडी डीलरला दिल्याची आरटीओला सूचना, ऑनलाइन भरला, आणि तिथून पुढे गाडीचा मालक डीलर धरला गेला. पुढची पार्टी त्याला कधी का मिळेना! ट्रायल, सर्व्हिसिंग, रंगकाम अशा कामांपुरतीच तो गाडी रस्त्यावर काढू शकतो, आणि त्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते.

फक्त काचेचं शोरूम आणि टाय बघून भुलू नका. आरटीओचं प्राधिकारपत्र, म्हणजे फॉर्म 29बी, दाखवायला सांगा. त्याची मुदत 5 वर्षं असते, तारीखही बघा. मी आधी गेलो होतो त्या चकाचक दुकानात "सर, प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर मिळालं. तिथून उठलो.

एजंट अगदी घरचा असेल, समोरची पार्टी ठरलेली असेल आणि तुम्ही स्वतः ट्रान्सफरच्या मागे लागणार असाल, तर ते 15 हजार सोडू नयेत असंही कुणी म्हणेल. मी सोडले. डोरेमॉन मात्र या वेळी आधीच खरवडून काढला.