कॉल ऑफ कथुलू, नऊ महिन्यांनंतर: आमच्या टेबलावरचा ‘थारा’

गेल्या गणपतीनंतर आम्ही सहा जणांनी ‘कॉल ऑफ कथुलू’ खेळायला घेतला. पाच खेळाडू, आणि गोष्ट चालवणारी, म्हणजे कीपर, मी. दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहा ते दहा, कर्वेनगरला एका मैत्रिणीच्या घरी. आत्तापर्यंत १७ बैठका झाल्या. नियमांच्या पुस्तकाची छपाई, चित्रं, फाशांचं गणित यांबद्दल मी इथे बोलणार नाही, ते सगळं चांगलंच आहे. मला लिहायचंय ते या खेळात मनाचा आजार कसा येतो, तो आम्ही आधी किती वाईट खेळलो आणि कशामुळे सुधारलो, याबद्दल. घरात असं कुणी असेल आणि तुम्ही हा खेळ घ्यायच्या विचारात असाल, तर हे आधी वाचलेलं बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा टेबलाभोवती बसून बोलत खेळायचा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, बाकीचं जग कीपर सांगते. सँडी पीटरसन यांचा हा खेळ केऑसियम या प्रकाशनाने १९८१ साली काढला, आम्ही सातवी आवृत्ती वापरतो. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टच्या भयकथांचं जग आहे. तुम्ही योद्धे वगैरे नसता. ग्रंथपाल, डॉक्टर, कारकून अशी साधी माणसं असता आणि माणसाच्या बुद्धीला न झेपणाऱ्या गोष्टी तुमच्या समोर येतात. प्रत्येकाच्या कागदावर ‘सॅनिटी’ नावाचा आकडा असतो. भयंकर काही दिसलं की शंभराचे फासे टाकायचे, हरलात तर आकडा उतरतो. एका फटक्यात पाच किंवा जास्त गेले तर बुद्धीचा फासा टाकायचा. त्यात यशस्वी झालात, म्हणजे समोर काय आहे ते तुम्हाला नीट कळलं, तर तात्पुरता तोल जातो. मग एक दहा ओळींचा तक्ता आहे. फासा टाका आणि काय झालं ते वाचा: विस्मरण, मूर्च्छा, संशय, हिंसा, पळ काढणं. भीती आणि वेडछंद यांचे शंभर-शंभर नोंदींचे वेगळे तक्तेही आहेत. एका दिवसात आकड्याचा पाचवा हिस्सा गेला तर दीर्घ मुदतीचा आजार. आकडा शून्यावर आला की पात्र तुमच्या हातातून गेलं, ते कायमचं कीपरचं.

पुस्तक इंग्रजी, आम्ही बोलतो मराठीत. पहिल्याच दिवशी अडलो ते ‘सॅनिटी’पाशी. ‘शहाणपण’ म्हटलं की अर्थ भलतीकडे जातो, ‘मानसिक संतुलन’ बोलताना जिभेवर बसत नाही. शेवटी एकाला त्याच्या आजीचं बोलणं आठवलं, ‘त्याचं मन थाऱ्यावर नाही गं.’ तेव्हापासून आमच्या कागदांवर ‘थारा ६५’ असं लिहिलेलं असतं. त्या दिवशी ही नुसती भाषांतराची सोय वाटली होती.

आमची गोष्ट १९२८ सालच्या पुण्यात घडते. चौथ्या बैठकीत सगळे जण कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळात, म्हणजे जमिनीखालच्या बांधीव पाटात, उतरले. तिथे जे दिसलं त्याने गजाननचा थारा एकदम आठने उतरला. गजानन हा टपाल कचेरीत पत्रं लावणारा २४ वर्षांचा कारकून. फासे पडले, तक्ता उघडला, आणि त्याच्या खेळाडूने ‘वेडा’ करून दाखवला. डोळे फिरवले, केस उपटले, लाळ गाळली, मध्येच खदाखदा हसला, स्वतःशीच दोन आवाजांत बोलला. टेबलावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, ‘याला येरवड्याला पाठवा.’ म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. पुण्यात हे वाक्य इतकं सवयीचं आहे की कानाला टोचतही नाही. मीही हसले.

रात्री घरी आले तेव्हा मामाच्या खोलीत रेडिओ चालू होता. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आजी गेल्यापासून तो आमच्याकडेच असतो. त्याला विसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे. गेली काही वर्षं क्लोझापिन चालू आहे. ते सुरू केलं तेव्हा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागलं होतं, कारण त्या गोळीने पांढऱ्या पेशी घटू शकतात. त्याच गोळीने झोपेत लाळ सुटते, म्हणून त्याच्या उशीवर घडी केलेला टॉवेल असतो. सकाळी उठल्यावर तो टॉवेल स्वतः धुतो, कुणाला हात लावू देत नाही. मी दारातून तो टॉवेल पाहिला आणि तासाभरापूर्वी टेबलावर गाळलेली लाळ आठवली. त्यानंतर मला झोप लागली नाही.

मित्रमंडळींतल्या काहींना मी १० वर्षं ओळखते. त्यांतल्या एकालाही मी मामाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी फासे काढायच्या आधी सांगितलं. गजाननचा खेळाडू बराच वेळ गप्प बसला. मग एवढंच म्हणाला, ‘मला खरंच माहीत नाही गं की हे कसं असतं. मी सिनेमात बघितलेलं केलं.’ आमच्यात एक जण कॉलेजात समुपदेशक आहे. तिने सांगितलं की वर्षापूर्वी तिचेही काही महिने गोळ्यांवर गेले होते, आणि त्या चौथ्या बैठकीत तिला उठून जावंसं वाटलं होतं. ती उठली नव्हती. आपण कुणासमोर काय खेळतोय हे टेबलावरच्या कुणालाच माहीत नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लव्हक्राफ्टबद्दल तेव्हाच जरा वाचलं. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८९३ साली, त्याच्या वडिलांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटलात दाखल केलं. ते १८९८ मध्ये तिथेच वारले. आईला १९१९ मध्ये त्याच इस्पितळात ठेवलं आणि १९२१ मध्ये तीही तिथेच गेली. त्याच्या कथांमधली माणसं सत्य पाहून वेडी होतात त्यामागे त्या घराची भीती असणार, असं मला वाटतं. त्या भीतीबद्दल मला कणव आहे. पण भीती त्या मुलाची होती. दाखल झालेल्या आईवडिलांना काय वाटत होतं, ते त्या भीतीत कुठेच नाही.

तर आम्ही काय बदललं. तक्त्यावर फासा टाकून आजार ठरवणं पूर्ण बंद केलं. नळात भयंकर काही पाहिल्यावर हातपाय गळणं, पळत सुटणं, झोप उडणं ही भीती आहे, आणि भीती म्हणूनच ती खेळायची. तिला आजाराचं नाव द्यायचं नाही. आजार असलाच तर तो पात्राच्या आयुष्यात आधीपासून असेल, अंगावरच्या तिळासारखा, धंद्यासारखा, आणि राक्षसांशी त्याचा काही संबंध नसेल. गजाननच्या खेळाडूने स्वतःहून मागितलं की माझ्या कारकुनाला आवाज ऐकू येतात असं ठेवूया, पण या वेळी मला नीट करायचंय. नळातली ती रात्र आम्ही पुन्हा खेळलो, जुनी रद्द.

त्याने वाचलं, विचारलं, माझ्याकडून ऐकलं. दोन आवाजांत बोलणं पहिल्यांदा गळालं. स्किझोफ्रेनिया म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत. हा घोळ नावातूनच येतो. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये तो शब्द घडवला तेव्हा त्याला विचार, भावना यांचा एकमेकांशी सांधा तुटणं म्हणायचं होतं. आपण त्याचं ‘छिन्नमनस्कता’ केलं आणि तोच गैरसमज मराठीत आणला. जपानने २००२ साली त्यांच्या भाषेतलं असंच नाव बदलून टाकलं. पुण्यातल्या आधारगटांमध्ये आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मला हे शब्द आधी फार गोड वाटायचे, आता वाटत नाहीत. आई स्वतःला शुभंकर म्हणते तेव्हा तिचा आवाज वेगळा असतो.

सगळ्यात मोठा निर्णय आवाजांबद्दल घेतला: गजाननला ऐकू येणारे आवाज कधीही गोष्टीतलं कोडं सोडवणार नाहीत. या खेळात हा मोह पदोपदी होतो. वेड्याला सत्य दिसतं, त्याच्या बडबडीत खूण असते, आणि कीपरला तर ती आयती सोय. मी ती सोय सोडली. गजाननचे आवाज कंटाळवाणे आहेत. तो काय करतोय ते बोलून दाखवतात, त्याला आळशी म्हणतात, कधी बापाच्या आवाजात हाक मारतात. दुसरं ठरलं ते हिंसेचं. तक्त्यात ती एक ओळ आहे. खऱ्या आयुष्यात असे आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसा सोसतात जास्त. त्यामुळे बोळात गजाननलाच पोरं दगड मारतात.

आठव्या बैठकीतला एक प्रसंग सांगते. गजानन कचेरीत पत्रं लावतोय. मी, कीपर म्हणून, आवाज वाढवत नेतेय. खेळाडू थोडा थांबला आणि मग प्रत्येक पाकिटावरचा पत्ता हळू आवाजात वाचायला लागला. ‘मुक्काम सासवड. मुक्काम वाई, मधली आळी. मुक्काम पोस्ट जेजुरी.’ एकामागून एक, एका लयीत. शेजारच्या कारकुनाला वाटतं, काय मन लावून काम करतोय. प्रत्यक्षात तो पत्त्यांनी आवाज मागे ढकलतोय. मामाचा रेडिओ त्यासाठीच असतो हे मी त्याला सांगितलं होतं. रेडिओ १९२८च्या कारकुनाच्या घरात नसणार, म्हणून त्याने त्याच्या हातात जे होतं ते घेतलं. टेबलावर कुणी हललं नाही. मला रडू आलं.

हे सगळं मामाला विचारूनच केलं होतं. मी घाबरत विचारलं की तुझ्यातलं थोडं एका गोष्टीत घेऊ का. त्याने नाव विचारलं, पगार विचारला. मग म्हणाला, ‘कारकून आहे ना? मग त्याला कामावर जाऊ दे.’ मामाला स्वतःला नोकरी टिकवता आली नाही.

‘थारा’ या शब्दाने पुढचं काम केलं. थारा जातो तसा थारा देताही येतो. ‘डेल्टा ग्रीन’ नावाच्या त्याच घराण्यातल्या खेळात ‘बाँड्स’ असतात. बायको, भाऊ, मित्र यांच्याशी असलेल्या नात्याला आकडा असतो आणि मनावरचा आघात तुम्ही त्या नात्यावर ढकलू शकता. तुम्ही बचावता, नातं झिजतं. कुटुंबांत हे खरोखर असंच होतं. कॉल ऑफ कथुलूमध्येही पात्राचा एक जिव्हाळ्याचा धागा असतो, थारा परत मिळवायला तो उपयोगी पडतो. आम्ही दोन्ही जोडले. प्रत्येक साहसानंतर एक घरचा प्रसंग खेळतो: राक्षस नाही, फासे नाहीत, नुसतं घर. गजाननच्या आईने त्याला गाणगापूरला नेलं, दत्तासमोर बसवलं. त्याच आईने परत आल्यावर वैद्याचा काढाही दिला आणि रात्री त्याच्या उशाशी बसली. १९२८ मध्ये गोळी नव्हतीच. या आजारावर उपयोगी पडलेलं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली वापरात आलं. तिच्याकडे होतं ते सगळं तिने केलं. तिला अडाणी म्हणून खेळायचं नाही, हे आम्ही न बोलता पाळलं.

टेबलावर एक कोरं कार्ड ठेवतो, त्यावर फुली. जॉन स्टॅव्ह्रोपोलॉस यांची ही कल्पना जगभर वापरली जाते. नको वाटलं की कार्डाला हात लावायचा, कारण सांगायची सक्ती नाही. नऊ महिन्यांत तीनदा वापरलं गेलं, त्यांतलं एकदा मी. आत्महत्येचा विषय आमच्याकडे पूर्ण बाहेर आहे. हे सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं. आम्ही पाचव्या बैठकीत ठरवलं, हा माझा दोष.

जे जमलं नाही तेही सांगते. काळजी घेता घेता गजानन मधल्या काळात संत झाला. सोशिक, गोड, कुणाला न दुखावणारा. मामा असा नाही. तो चिडतो, चहात साखर कमी पडली तर दिवसभर बोलत नाही, टोमणे अचूक मारतो. समुपदेशक मैत्रिणीनेच ते पकडलं. ‘त्याला वाईट वागायचा हक्क दे,’ म्हणाली. आता गजानन पैसे उसने घेतो आणि विसरल्याचं सोंग करतो. बरं वाटतं. उदासी मात्र अजून खेळता येत नाही. अंथरुणातून न उठणारं पात्र चार तास टेबलावर कसं ठेवायचं? आम्ही इतरांना त्याच्या दाराशी पाठवतो, तेवढ्यापुरतं चालतं. आणि शून्यावर पात्र काढून घेण्याचा नियम आम्ही पाळत नाही. त्यामुळे खेळातली भीती कमी झाली असं दोघांचं मत आहे, आणि ते खोटं नाही.

पुस्तक घ्यावं का? घ्यावं. तपास, वातावरण, साध्या माणसांची हतबलता यांत याला तोड नाही. तक्ते मात्र बाजूला ठेवा, आणि पहिल्या बैठकीत फासे न काढता बोला. कुणाला मामा आहे का, हे कुणी आपणहून सांगणार नाही. सांगता येईल एवढी जागा ठेवा.

गजाननच्या थोरल्या भावाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केलाय, त्याची सुनावणी येत्या रविवारी खेळायची आहे. १९१२च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टखाली हुकूम निघाला की त्याला इस्पितळात टाकता येईल. खेळाडूने मला विचारलं, यावर फासा आहे का. मी नाही म्हटलं. आई साक्ष देईल, कचेरीतला शेजारचा कारकून देईल, आणि गजानन स्वतः बोलेल. त्याने काय बोलायचं ते लिहून काढायला घेतलंय, दोन पानं झाली आहेत.