तीन डायलिसिस सेंटर, १४ महिने: आण्णांच्या उपचारांचा अनुभव

आण्णांचं डायलिसिस सुरू होऊन १४ महिने झाले. आठवड्यातून दोनदा, दर वेळी ४ तास. एवढ्या काळात आमच्या भागातली तीन सेंटर झाली: आधी खासगी हॉस्पिटल, मग सरकारी, आणि गेले ६ महिने एका ट्रस्टचं रुग्णालय. नावं लिहीत नाही. पण काय बघायचं ते लिहिते, कारण सुरुवातीला मला यातलं काहीच कळत नव्हतं आणि त्रास आण्णांना झाला.

खासगी हॉस्पिटलमध्ये एसी, खाटेसमोर टीव्ही, सगळं चकाचक. दोन महिने आम्ही त्यावरच खूश होतो. वजन मात्र कधी चपला-स्वेटरसकट घ्यायचे, तर कधी "काका, घरी किती भरलं?" असं विचारून तोच आकडा लिहायचे. डायलिसिसमध्ये सगळं या आकड्यावर असतं. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते वजनावरून कळतं आणि मशीन तेवढं काढून घेतं. वजनात एक किलोची चूक झाली की एक लिटर पाणी जादा ओढलं जाणार. एका गुरुवारी नेमकं तेच झालं. तिसऱ्या तासाला आण्णांच्या पोटऱ्यांत गोळे आले, बीपी ८० वर आलं, डोळे फिरले. सिस्टरांनी पळत येऊन सलाईन सोडलं, तेव्हा सावरले. डॉक्टर फोनवरच.

मग माझं बाकीच्या गोष्टींकडेही लक्ष जायला लागलं. बाहेर पुढच्या पाळीचे पेशंट ताटकळलेले, म्हणून ४ तासांचं डायलिसिस साडेतीन तासांत उरकायचे. एकदा तर नव्या मुलाने फिस्टुलाच्याच हाताला बीपीचा पट्टा गुंडाळला. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला मिरजेला ऑपरेशन करून तयार केलेली शीर, ती वापरण्याजोगी होईपर्यंत आण्णांनी दीड महिना मानेतल्या नळीवर काढलेला. त्या हाताला ना पट्टा लावायचा, ना सुई टोचून रक्त काढायचं, हे घरातल्या लहान पोरांनाही पाठ झालंय. मी तिथेच ओरडले आणि आठवड्याभरात सेंटर बदललं.

सरकारी दवाखान्याची मला धास्ती होती, ती पहिल्याच दिवशी गेली. रंग उडालेल्या भिंती, पंखा कुरकुरणारा, पण टेक्निशियन मुरलेला माणूस. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत एक रुपया लागला नाही. आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार बघून कागद स्वतः करून दिले. (योजना काही खासगी हॉस्पिटलांतही चालते, आम्ही आधी विचारलंच नव्हतं.) अडचण एकच, मशीन कमी. एक बंद पडलं आणि आण्णांची पाळी रात्री ११ पर्यंत लांबली. ७१ वर्षांच्या माणसाला थंडीत मोटरसायकलवर आणणं जमेना, म्हणून सोडलं. उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता ट्रस्टचं. इथल्या टेक्निशियन ताई सुई टोचायच्या आधी फिस्टुलावर तीन बोटं ठेवून क्षणभर गप्प उभ्या राहतात. रक्त नीट वाहत असेल तर तिथे बारीक थरथर लागते, मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. पहिल्या दिवशी त्यांनी माझी बोटं धरून तिथे टेकवली आणि म्हणाल्या, "रोज सकाळी बघायचं. लागली नाही तर चहा बाजूला ठेवून तसंच इकडे यायचं." गेल्या १४ महिन्यांत मला कुणी शिकवलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

वजन अनवाणी आणि एकाच काट्यावर. आरओचं पाणी कधी तपासलं ते दारावरच्या फळ्यावर लिहिलेलं. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी मशीनमधून फिरतं आणि पातळ पडद्यापलीकडे पेशंटचं रक्त असतं, त्यामुळे ही तारीख मी रिसेप्शनच्या फरशीआधी बघते. कावीळ बी आणि सी असलेल्या पेशंटचं मशीन वेगळं आहे. नवीन सेंटर बघायला जाल तेव्हा हे अजिबात न लाजता विचारा. किडनीचे डॉक्टर बुधवारी येतात, पाय दाबून सूज बघतात आणि डायलिसिसनंतर वजन किती असावं तो आकडा नव्याने ठरवतात. नारळपाणी बंद का, हेही त्यांनीच आण्णांना पोटॅशियम आणि हृदयाचे ठोके यांचा संबंध सांगून पटवलं. मी सांगत होते तेव्हा ऐकत नव्हते.

उणीव आहे ती रात्रीची. दिवाळीत पाहुणे आले, आण्णांचं पाणी जास्त झालं आणि पहाटे अडीचला धाप लागली. ट्रस्टचं युनिट रात्री बंद. १०८ बोलावून मिरज गाठावी लागली, तिथे तासाभरात मशीनवर घेतलं. तेव्हापासून फाईल, शेवटचे रिपोर्ट आणि वजनाची वही एका पिशवीत भरून दाराच्या खुंटीला अडकवलेली असते.