अण्णांचा डावा कान आणि 16,500 रुपये

मी बँकेत काउंटरला असतो. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे दिवसातून वीसदा तोंडात असतं. त्यामुळे आपण कुठे फसणार, असा एक माज होता. आणि खरंच, माझा ओटीपी कुणी मागितलाच नाही. पैसे मी राजीखुशीने, पावती घेऊन दिले.

अण्णा 73 वर्षांचे. दिवाळीनंतर टीव्हीचा आवाज वाढत वाढत 38 वर गेला. डाव्या बाजूने हाक मारली की ते अख्खी मान वळवायचे. दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायचे. तेवढ्यात फेसबुकवर जाहिरात दिसली, घरबसल्या तीन मिनिटांत मोफत श्रवणचाचणी. सुरुवातीलाच नाव, वय, मोबाइल नंबर. बीप वाजायच्या आधी नंबर कशाला, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

जुन्या फोनबरोबर आलेले इअरफोन कपाटातून काढले. हॉलमध्ये पंखा चालू, आत कुकर. अण्णा डोळे मिटून बसले, बीप आली की बोट वर करायचे, मी 'ऐकू आलं' दाबायचो. निकाल आला, उजवा कान 34 टक्के बाधित, डावा 62. लाल अक्षरांत.

दहा मिनिटांत फोन. "सर, काकांचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे. नसा कमकुवत होतायत, उशीर केला तर मशीनचाही उपयोग होणार नाही." 32,000 चं मशीन, आज बुक केलं तर 16,500. अण्णा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्यासमोर पैशांची घासाघीस करवेना. भरून टाकले.

चार दिवसांनी डबी आली. मशीन कानात घातलं की कुईंऽऽ अशी शिट्टी. बोलणं होतं तेवढंच अस्पष्ट, पण पेपरचं पान उलटलं तरी अण्णा दचकायचे. आईने ताट ओट्यावर ठेवलं तेव्हा त्यांनी ते कानातून उपटून खिशात टाकलं. फोन केला तर "सवय व्हायला महिना लागतो". परत घ्या म्हटलं तर "कानात घातलेली वस्तू परत घेत नाही".

शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीने कानात पाहिलं आणि मलाही दाखवलं. डाव्या कानात मळाचा काळपट बूच. पाच दिवस थेंब, मग तो काढला. त्यानंतर बंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी झाली, खर्च 600 रुपये. अण्णांना वयानुसार थोडं कमी ऐकू येतं, तेही 4000 हर्ट्झच्या वरचे, उंच पट्टीचे आवाज, आणि दोन्ही कानांत जवळपास सारखंच. मशीन इतक्यात नको, वर्षाने पुन्हा तपासू, म्हणाले. टीव्ही आता 22 वर असतो.

तिथल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या बाईंनी जे सांगितलं ते आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. चाचणीचा आवाज नेमका किती डेसिबलचा, हे हेडफोन मोजून जुळवलेला असेल तरच कळतं. कुठल्याही फोनला कुठलाही इअरफोन लावला की तो आकडा हवेतला. शिवाय इअरफोनमधला आवाज हवेतून जातो, त्यामुळे अडथळा मळाचा की नसेचा, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी कानामागच्या हाडावर कंपन देऊनही तपासतात. ऑडिओमेट्रीच्या आलेखात डेसिबल असतात, टक्के नसतात. टक्के येतात ते दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर, तेही पूर्ण तपासणीनंतर. आणि आमची ती डबी म्हणजे नुसता आवाज वाढवणारं यंत्र होतं, ताटाचा आणि माणसाचा सारखाच. खरं मशीन त्या आलेखाप्रमाणे, ज्या पट्टीत कमी ऐकू येतं तिथे वाढवून, बसवून देतात.

सगळीच ॲप खोटी असतात असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 पासून मोफत ॲप आहे. त्यात गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात. बोलणं गोंगाटापेक्षा किती मोठं लागतं एवढंच ते बघतं, म्हणून इअरफोनचा फरक त्यात कमी पडतो. पण तेही फक्त चाळणी लावतं. एक मात्र लक्षात ठेवा, एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर कुठलंच ॲप उघडत बसू नका. त्यात उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मशीन देणाऱ्या माणसाकडे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मुंबईत असाल तर वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची.

घरी आल्यावर माझ्या नववीतल्या मुलीने ती मोफत चाचणी स्वतःवर करून पाहिली. निकाल आला डावा कान 'तीव्र'. मग तिने इअरफोन उलटे घातले, डाव्याचा उजव्यात. आता उजवा कान 'तीव्र'. म्हणजे खराब होता तो इअरफोनचा बोंडा. मग तिने इअरफोन टेबलावर ठेवले आणि प्रत्येक बीपला, वाजो न वाजो, 'ऐकू आलं' दाबत गेली. सगळं ऐकू आलेल्या कानालाही 'सौम्य दोष, आमच्या तज्ज्ञांशी बोला'.

त्या तिन्ही निकालांचे स्क्रीनशॉट, पावती आणि ऑडिओमेट्रीचा कागद जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार केली आहे. क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत. फॉर्ममध्ये नंबर दिल्यामुळे मुलीच्या फोनवर मात्र आता रोज कॉल येतात, "नमस्कार, तुमचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे."